अ‍ॅग्रेसिव्ह इनलाइनसाठी चाकं कोणती घ्यावीत?

कठड्यांवरून आणि लोखंडी रेलवरून घसरत जाण्याचं, म्हणजे ग्राइंड करण्याचं, इनलाइन स्केटिंग म्हणजे अ‍ॅग्रेसिव्ह. विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातला चोवीस वर्षांचा स्केटर, वजन ७२ किलो. आजवर ८० मिमीच्या चाकांवर फ्रीस्केटिंग केलं, आता सेकंडहँड अ‍ॅग्रेसिव्ह स्केट्स घेतले. यूएफएस फ्रेम (वेगवेगळ्या कंपन्यांच्या बुटांना बसणारी), पुढचं आणि मागचं चाक ५८ मिमी ९०ए (हा कडकपणाचा आकडा), मधली दोन ४४ मिमीची कडक अँटीरॉकर, म्हणजे जमिनीला न टेकणारी लहान चाकं. अजून फुटपाथच्या कडेवर उभं राहायची प्रॅक्टिस चालू आहे, आणि जागेपर्यंत स्केट करतच जातो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये बरं चालतं. रस्त्यावर मात्र पायाला मुंग्या येतात, वेग टिकत नाही आणि एखादा खडा आला की तोल जातो. व्हिडिओतली मंडळी ९२एची चाकं लावतात, तर तीच घ्यावीत का? आणि दुकानदार म्हणतो तशी स्केटबोर्डची चाकं चालतील का?

स्केटबोर्डची चाकं बसणारच नाहीत, तो विषय लगेच मिटवू. ९२ए घेऊ नका. तुम्ही सांगितलंय त्यावरून मी ६० मिमी, ८८एची आठ चाकं घ्यायला सांगेन, आणि निदान काही महिने चारही चाकं जमिनीला टेकतील असा फ्लॅट सेटअप ठेवायला सांगेन. अँटीरॉकर फेकू नका, डब्यात ठेवा. आता कारणं.

अ‍ॅग्रेसिव्हमध्ये येणारा जवळपास प्रत्येक जण ‘ग्राइंडसाठी चांगलं चाक कोणतं’ असं विचारतो. ग्राइंड नीट लागला तर भार चाकावर नसतोच. सोल ग्राइंडमध्ये मागचा पाय सोलप्लेटवर, म्हणजे बुटाच्या तळाच्या प्लेटवर, सरकतो आणि पुढचा फ्रेमच्या मधल्या खाचेवर, म्हणजे एच-ब्लॉकवर. फ्रंटसाइड किंवा रॉयालमध्ये दोन्ही पाय एच-ब्लॉकवर. चाकाचं काम त्याच्या आधी आणि नंतर असतं. कठड्यापर्यंत पुरेसा वेग घेऊन नेणं, उडी मारताना न घसरणं, आणि खाली उतरल्यावर दणका झेलून पुढे चालत राहणं. म्हणून चाक निवडताना कठड्याकडे बघण्याआधी कठड्याच्या अलीकडची आणि पलीकडची जमीन बघायची.

व्हिडिओंची गफलत इथेच होते. विंटरक्लॅशचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. आइंडहोव्हनच्या एरिया ५१मध्ये ही स्पर्धा वर्षानुवर्षं भरत आली आहे. ते छपराखालचं स्केटपार्क आहे, रॅम्प लाकडी, जमीन झाडलेली. बार्सिलोनाचे व्हिडिओ पाहिले असतील तर माक्बा संग्रहालयासमोरचा ग्रॅनाइटचा चौक आठवा. अशा जमिनीवर ९२ए चाक सुसाट जातं. त्याच चाकावर कर्वेनगरातल्या गल्लीतून वीस मीटर जाऊन दाखवा म्हटलं तर तोच स्केटर स्केट्स काढून चालत जाईल.

आता कडकपणाचा आकडा. ८८ए, ९०ए, ९२ए हे शोअर ए मापावरचे आकडे. ड्युरोमीटर नावाचं छोटं उपकरण असतं, त्याची बोथट सुई युरेथेनमध्ये, म्हणजे चाकाच्या रबरासारख्या प्लास्टिकमध्ये, किती रुतते त्यावरून आकडा ठरतो. कमी रुतली तर आकडा मोठा, चाक कडक. हे माप शंभरावर संपतं. त्यामुळे अँटीरॉकरवर किंवा स्केटबोर्डच्या चाकावर ‘१०१ए’ छापलेलं दिसलं तर ‘अतिशय कडक’ एवढाच अर्थ घ्यायचा. टोकाच्या त्या भागात हे माप फारसा फरक दाखवतच नाही. दोन कंपन्यांचं ८८एही हाताला सारखं लागेल असं नाही. मोजणीत आणि बनावटीत दोन-तीन आकड्यांची तफावत सहज निघते. म्हणजे ८९ घेऊ की ९० यावर रात्र जागवण्यात काही हशील नाही. ८५, ८८ आणि ९२ यांतला फरक मात्र पहिल्याच फेरीत पायाला कळतो.

गुळगुळीत जमिनीवर मऊ चाक प्रत्येक फेऱ्यात दबतं आणि पुन्हा फुगतं, त्यात थोडी ताकद उष्णता होऊन वाया जाते. तिथे कडक चाक जिंकतं. खरखरीत डांबरावर गणित उलटतं. कडक चाकाला खडी आत घेता येत नाही. ते प्रत्येक खडीवर चढतं, उतरतं, पुन्हा चढतं, आणि तुम्ही पुढे जायला लावलेला जोर वरखाली हलण्यात खर्च होतो. लोखंडी धाव चढवलेली बैलगाडी खडीवरून जाताना बसणाऱ्याची हाडं खिळखिळी करते, तसलाच हा प्रकार. तुमच्या पायाला येणाऱ्या मुंग्या म्हणजे तुमचा गेलेला वेग आहे. मऊ चाक बारीक खडीभोवती दबतं आणि तुम्ही पुढे जात राहता. म्हणूनच ‘कडक म्हणजे वेगवान’ हे वाक्य अर्धंच खरं आहे.

मग आणखी मऊ का नाही? ८० ते ८४ए घेतलं तर डांबरावर मजा येईल, पण अ‍ॅग्रेसिव्हला ते चिकट पडतं. रेलवर किंवा कठड्याच्या कडेला चाक चुकून टेकलं की मऊ युरेथेन पकडून बसतं आणि तुम्ही पुढे फेकले जाता. याला व्हील बाइट म्हणतात. कडक चाक अशा वेळी थोडं घसरून जातं, जीव वाचतो. शिवाय पॉवरस्लाइड करून, म्हणजे चाकं आडवी घासून, थांबताना मऊ चाक अडखळतं, आणि खरखरीत काँक्रीटवर त्याला सपाट चट्टाही लवकर पडतो. ८८ए ही मधली जागा आहे. तुमच्याकडे फक्त पार्किंगच असतं तर ९०ए तसंच राहू द्या म्हटलं असतं.

पार्किंगचंही एक आहे. नव्या सोसायट्यांत ट्रिमिक्स काँक्रीट असतं. ते सपाट असतं, फक्त ठरावीक अंतरावर कटरने मारलेल्या चिरा लागतात. त्यावर ८८ आणि ९० दोन्ही छान. पण लॉबीच्या बाजूला व्हिट्रिफाइड टाइल्स किंवा पॉलिश केलेली शहाबादी फरशी असेल आणि तिच्यावर धुळीचा थर असेल, तर ९०ए वळणावर सटकतं. आधी झाडू मारा, मग स्केटिंग. पेव्हर ब्लॉकवर कोणतंच लहान चाक सुखाने चालत नाही, तिथे चाक बदलण्यापेक्षा जागा बदला. पावसाळ्यात ओल्या फरशीवर तर ८८ काय आणि ९२ काय, सगळे सारखेच आडवे होतात.

वजन आणि ऊन या दोन गोष्टी लोक विसरतात. चाक किती दबेल हे वर किती भार आहे त्यावर ठरतं. पस्तीस किलोच्या मुलीला ८८ए दगडासारखं लागेल, तर पंच्याण्णव किलोचा गडी त्याच चाकाला ‘चिखल’ म्हणेल. ७२ किलोला ८८ बरोबर आहे. युरेथेन गरम झालं की मऊ पडतं. मे महिन्यात दुपारी डांबराला हात लाववत नाही, तेव्हा तुमचं ८८ए त्याहून मऊ वागतं. डिसेंबरातल्या सकाळी तेच चाक कडक वाटेल. चाक बिघडलंय असं समजू नका.

आता मापाकडे येऊ. तुमचा खरा त्रास मला इथे दिसतो.

८० मिमीवरून ५८वर आलात म्हणजे चाकाची त्रिज्या ४० मिमीवरून २९वर आली. जो खडा ८०चं चाक सहज ओलांडायचं तोच २९ मिमी त्रिज्येच्या चाकासमोर अडसर होतो. त्यात तुमचे अँटीरॉकर. चारही अ‍ॅक्सल एका रेषेत आहेत असं धरलं, तर ५८ आणि ४४ मधला फरक १४, त्याचा निम्मा ७. म्हणजे मधली चाकं जमिनीपासून ७ मिमी वर लोंबकळत आहेत. सारं वजन एका पायाच्या दोनच चाकांवर. पुढचं चाक खड्ड्यात गेलं तर आधार द्यायला दुसरं चाक जवळ नाही. गतिरोधक किंवा फुटपाथची कड ओलांडताना तर फ्रेम मधोमध टेकते, भार कडक अँटीरॉकरवर येतो आणि पाय निसटतो. स्केटर म्हणून तुमचं काही चुकत नाहीये. हा सेटअपच रस्त्यासाठी नाही.

मग अँटीरॉकर लावतात कशाला? मधली फट मोठी मिळावी म्हणून. एक हिशोब करून बघा. दुसऱ्या आणि तिसऱ्या अ‍ॅक्सलमधलं अंतर समजा ९० मिमी आहे. मध्ये ६०ची चाकं असतील तर सर्वांत अरुंद ठिकाणी फट राहते ३० मिमी. ५६ची असतील तर ३४. ४४चे अँटीरॉकर असतील तर ४६. अंतरातून व्यास वजा केला की झालं. चाकं गोल असल्यामुळे अ‍ॅक्सलच्या खाली फट रुंदावत जाते, म्हणून फ्लॅट सेटअपवरही ग्राइंड होतातच, आणि चारही मोठी चाकं ठेवून सुंदर स्केटिंग करणारे पुष्कळ आहेत. पण उडी मारून बरोबर खाचेत बसायला नेम जास्त लागतो. अँटीरॉकर चुकीला माफी देतात. एच-ब्लॉकच्या जरा पुढेमागे पडलात तरी कडक चाकावरून सरकून खाचेत येता.

म्हणून निर्णय असा करा: आज तुमचा वेळ कशात जातोय? तुम्ही लिहिलंय की अजून फुटपाथच्या कडेवर उभं राहायची प्रॅक्टिस चालू आहे, आणि जागेपर्यंत स्केट करतच जाता. मग फ्लॅट. चार चाकांवर तोल, वेग, उलटं स्केटिंग, उडीनंतरचं लँडिंग हे सगळं पक्कं होऊ द्या. एखादी बुटकी लेज (कठडा) मिळाली आणि दुपारभर तिच्यावरच घासायचं असेल, तर त्या दिवशी अँटीरॉकर चढवा. अ‍ॅलन कीने चार बोल्ट काढायचे नि लावायचे, दहा मिनिटांचं काम. फक्त एक बघून ठेवा. काही फ्रेम मुळातच अँटीरॉकरसाठी बनवलेल्या असतात, मधल्या जागेत मोठं चाक मावतच नाही. सध्याचं पुढचं चाक काढून मधल्या जागी लावून बघा. फिरलं आणि वर फ्रेमला घासलं नाही, तर तुमची शंका मिटली. ६० घेणार असाल तर वर निदान एक-दीड मिमी मोकळं राहिलं पाहिजे, कारण लँडिंगला चाकही दबतं आणि फ्रेमही किंचित लवते.

मोठ्या चाकाचा तोटा काय? चाक २ मिमीने मोठं घेतलं की तुम्ही १ मिमी उंच होता, त्याने काही बिघडत नाही. वजन थोडं वाढतं. खरा तोटा फटीचाच. नव्वदच्या दशकात लोकांनी नेमका याच्या उलट अतिरेक केला होता. १९९५ला अमेरिकेत ऱ्होड आयलंडला पहिले एक्स्ट्रीम गेम्स झाले, अ‍ॅग्रेसिव्ह इनलाइन त्यात होतं, आणि त्या काळात रेलवर ग्राइंड करायचा म्हणून चाकं आक्रसत पन्नास मिमीच्या आसपास आली होती. कडक आणि इवलीशी. आज त्यावर रस्ता पार करायची कल्पना करवत नाही. हल्ली वारं परत मोठ्या चाकांकडे वाहतंय, आणि मला ते शहाणपणाचं वाटतं.

युरेथेनच्या दर्जाचा आकडा कुठेच छापलेला नसतो, आणि तोच सगळ्यांत महत्त्वाचा. दोन चाकं, दोन्ही ८८ए, एक जिवंत आणि एक मेलेलं असू शकतं. चांगलं युरेथेन दबल्यावर झटकन मूळ आकारात येतं, स्वस्तातलं आळसावतं. दुकानात असाल तर दोन्ही चाकं बेअरिंग न घालता कमरेइतक्या उंचीवरून फरशीवर सोडा, ट्रेडवर, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या बाजूवर, पडतील अशी. जास्त उसळेल ते घ्या. ऑनलाइन घेताना हे जमत नाही, तेव्हा मी अंडरकव्हर, ग्राउंड कंट्रोल यांसारख्या या कामाची चाकं बनवणाऱ्या कंपन्यांकडे वळतो. बिननावाचा आठाचा सेट अर्ध्या किमतीत मिळाला तरी तो महिन्याभरात कडेने तुकडे सोडायला लागतो.

हबकडेही, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्याकडेही, बघा. अ‍ॅग्रेसिव्हच्या चाकात मधला कोअर छोटा आणि भरीव असतो, कारण त्याला उंचावरून पडणारं वजन झेलायचं असतं. तुमच्या ८० मिमीच्या जुन्या चाकांत आऱ्यांचा प्लास्टिक हब असेल. तसली ७२ किंवा ७६ची चाकं एखाद्या फ्रेममध्ये बसली, तरी पायऱ्यांवरून उडी मारल्यावर हब तडकू शकतो. प्रोफाइल म्हणजे चाकाचा आडवा छेद. टोकदार असेल तर वळायला चपळ, रुंद आणि सपाट असेल तर लँडिंगला स्थिर. अ‍ॅग्रेसिव्हला रुंद गोलाई घ्या आणि त्यावर फार विचार करू नका, झिजल्यावर सगळी चाकं स्वतःचा आकार घेतातच.

दुकानदाराचं म्हणणं कुठून आलं तेही सांगतो. बेअरिंग बहुतेकांना एकच चालतं. ६०८ क्रमांकाचं, आतून ८ मिमी, बाहेरून २२ मिमी, जाडी ७ मिमी. स्केटबोर्ड, क्वाड (दोन-दोन चाकांच्या जोड्यांचे स्केट्स) आणि इनलाइन तिन्हीकडे बहुतेक वेळा तेच. म्हणून ‘सगळं सारखंच’ असं वाटतं. पण इनलाइनचं चाक साधारण २४ मिमी रुंद असतं आणि फ्रेमच्या दोन भिंतींमध्ये जागा तेवढीच असते. स्केटबोर्डची आणि क्वाडची चाकं त्याहून बरीच रुंद, भिंतीतच अडकतात. घासून बारीक करतो म्हणाला तर हात जोडा आणि बाहेर या.

बेअरिंगवरच्या एबीईसी आकड्यासाठी पैसे घालू नका. तो आकडा बनावटीतल्या अचूकतेचा आहे. उडीचा दणका, आडवा जोर आणि आपल्याकडची धूळ यांचा त्यात हिशोबच नाही. साधी सीलबंद बेअरिंग घ्या, पाऊस लागला तर त्याच रात्री काढून पुसा आणि थेंबभर तेल सोडा. दोन बेअरिंगच्या मधला स्पेसर मात्र गाळू नका. स्पेसर नसेल तर अ‍ॅक्सल आवळला की बेअरिंग आतल्या आत दाबली जातात, चाक जड फिरतं, आणि आपण उगाच चाकाला दोष देतो.

चाकं आली की त्यांची झीज लक्षात ठेवा, कारण आठही चाकं एकसारखी झिजत नाहीत. ढकलताना आतली कड झिजते. टी-स्टॉपने (एक पाय मागे आडवा धरून) थांबत असाल तर मागचा पाय घासतो, त्याची चाकं लवकर जातात. फ्लॅटमध्ये सर्वांत वाईट काय, तर पुढचं आणि मागचं चाक मधल्यांपेक्षा लहान होणं. मग मधली दोन चाकं टेकू बनतात, पाय पुढेमागे डुलतो आणि वेगात फ्रेम थरथरते. उलट, मधली जरा लहान असतील तर काही बिघडत नाही. म्हणून पहिलं तिसऱ्याच्या जागी, दुसरं चौथ्याच्या जागी, शिवाय डावं उजव्यात, आणि झिजलेली कड बाहेर येईल असं उलटवून. झिजलेलं चाक शक्यतो मधल्या जागेत जाऊ द्या. व्हर्निअर असेल तर उत्तम, नसेल तर आठही चाकं टेबलावर ओळीने उभी करून वर पट्टी ठेवा, कोणतं बुटकं आहे ते लगेच दिसतं. लेजला लावलेलं मेण चाकाला चिकटलं असेल तर कोरड्या फडक्याने पुसून टाका. मेणाळलेल्या चाकावर पुढचं वळण घेणं धोक्याचं असतं. सोसायटीच्या कठड्याला मेण लावण्याआधी सेक्रेटरींची परवानगी घ्या, हे सांगायला नकोच.

चाक कधी टाकायचं? ६०चं ५५-५६वर आलं, ट्रेडला सपाट चट्टा पडून टकटक आवाज येऊ लागला, किंवा युरेथेन कोअरपासून सुटू लागलं की. शेवटच्या प्रकारात एक दिवसही वाट पाहू नका, भर वेगात ट्रेड निघालं तर दात जातात.

ऑर्डर देण्याआधी एवढं मोजून इथेच लिहा: फ्रेमवर किंवा तिच्या माहितीपत्रकात कमाल किती मिमी चाक लिहिलंय, मधल्या दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर, आणि तुमची सध्याची ‘५८’ प्रत्यक्षात आता किती उरली आहेत. सेकंडहँड स्केट्समध्ये ती ५४ निघाली तर मला मुळीच आश्चर्य वाटणार नाही, आणि मग तुमची निम्मी तक्रार तिथेच सापडेल. मधल्या जागेत ६० मावत नसेल तर ५८ मिमी, ८८ए घ्या. मधली जागा फक्त अँटीरॉकरचीच असेल तर पुढेमागे ६० मिमी ८८एची चारच चाकं घ्या, उरलेल्या पैशात दुसरी फ्रेम बघू.